फिल्टरची वरची कड

बेहाला चौरस्त्याच्या मागच्या एका गल्लीत, तळमजल्यावर छापखाना आणि पहिल्या मजल्यावर आमचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं म्हणून. दोन मोठ्या खोल्या, गच्चीवर पत्र्याची शेड आणि मालकांची काचेची केबिन. आम्ही चौदा माणसं होतो. रेडिओ आणि टॉवरच्या यंत्रणांना लागणारे छोटे भाग आम्ही बनवायचो. स्वतःला वीज न लागता काम करणारे, मायक्रोवेव्ह लहरींना वाट देणारे, त्या वाटून देणारे किंवा अडवणारे. त्यातला मुख्य माल म्हणजे फिल्टर.

माझं काम हे फिल्टर मोजण्याचं. फिल्टर ठरावीक पट्ट्यातल्या लहरी पुढे जाऊ देतो, बाकीच्या थोपवतो. तो पट्टा किती रुंद आहे, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, म्हणजे त्याची बँडविड्थ किती, हे तपासून मी कागदावर सही करायची. एम.टेक. झाल्यावरची ही माझी पहिली नोकरी. घर न्यू अलिपूरला. वडील बँकेत होते, त्यांची इथे बदली झाली तेव्हा मी सहावीत होते. पुढे ते निवृत्तही इथूनच झाले, आणि आईची शाळेतली नोकरी इथे जमलेली असल्यामुळे आम्ही पुण्याला परत गेलोच नाही. सकाळी तारातला नाक्यावरून शेअर ऑटो पकडला की मी वेळेवर कारखान्यात पोचायचे.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते साठीला आलेले होते. किडकिडीत, चष्म्याला काळी दोरी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बंगालीत काकाला काकू म्हणतात. मी पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं की आमच्याकडे ट्यूनिंगला एक काकू आहेत, तेव्हा आईला वाटलं, बरं झालं, एवढ्या पुरुषांत एक बाई तरी सोबतीला आहे. इथे मी त्यांना काकाच म्हणते. ते मला दिदिमणी म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. आमचं बोलणं बंगालीत चालायचं, तांत्रिक काही आलं की अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी.

फिल्टर म्हणजे ॲल्युमिनियमची एक डबी, आतून चांदीचा मुलामा दिलेली. झाकणावर बारीक स्क्रूंची रांग आणि प्रत्येक स्क्रूवर एक लॉकनट. काका डबीला मोजण्याच्या यंत्राच्या दोन केबल जोडायचे, पडद्यावरच्या रेषेकडे बघायचे आणि एकेक स्क्रू केसाइतका फिरवायचे. रेषा हलायची. हवी तशी बसली की स्क्रू तसाच धरून ठेवून दुसऱ्या हाताने लॉकनट आवळायचे. नट आवळताना स्क्रू किंचित सरकतो, तेवढं ते आधीच सोडून ठेवायचे. हे गणित ते कुठे शिकले नव्हते. शाळा दहावीपर्यंतच झाली होती.

पहिल्याच आठवड्यात मी एक फिल्टर जोडला, पट्ट्याच्या मध्यावरचा आकडा वाचला आणि म्हटलं, "छान आहे."

काका हसले. "मध्यावर कुठलाही फिल्टर छानच असतो, दिदिमणी. कडा बघ. खालची कड कुठे पडते, वरची कुठे पडते. मग ओव्हनमध्ये घाल, गरम झाला की परत बघ. फिल्टर बिघडतो तो कडेला."

त्यानंतर दीड वर्षं मी तेच केलं. प्रत्येक नग साध्या तापमानाला मोजायचा आणि प्रत्येक लॉटमधले तीन नग गच्चीवरच्या ओव्हनमध्ये सत्तर अंशांना तापवून परत मोजायचे. गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतो आणि सगळा पट्टा थोडा खाली सरकतो. तो किती सरकला तर चालेल, हे गिऱ्हाइकाने लिहून दिलेलं असायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात मला काकांच्या हाताचं लक्षात आलं. स्क्रूला हात लावण्याआधी ते मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरू लागले होते. एकदा छोटा पान्हा त्यांच्या हातून फरशीवर पडला. त्यांनी तो उचलला नाही, आधी माझ्याकडे बघितलं.

"थंडी वाजतेय का काका?" मी विचारलं. ऑगस्टचा महिना होता.

"हात कापतो," ते म्हणाले. "कधीकधीच. मालकांना सांगू नकोस. दोनच वर्षं राहिलीत माझी."

मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंही. त्यांना वेळ जास्त लागायचा, पण प्रत्येक नग माझ्याकडे यायचा आणि प्रत्येक नगाच्या कडा बरोबर जागी असायच्या. मी मोजत होते, त्यामुळे मला हे कारखान्यातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्या वर्षी विश्वकर्मा पूजेला नेहमीसारखं काम बंद होतं. मोजण्याच्या यंत्राला कुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती, गच्चीवरून सगळे पतंग उडवत होते. काका आपले स्क्रू ड्रायव्हर पुसून, एका फडक्यावर लहानमोठे लावून मूर्तीपुढे ठेवत बसले होते. मालक म्हणाले, "दुर्गापूजेच्या आत हा मोठा लॉट बाहेर पडायला हवा. एकदा पूजा लागली की महिना गेलाच." लॉट दक्षिणेतल्या एका गिऱ्हाइकाचा होता, आत्तापर्यंतचा आमचा सगळ्यांत मोठा.

काकांनी तो वेळेत ट्यून केला. मी तीन नग उचलून गच्चीवर गेले. पहिला तापवला. पट्टा खाली सरकला, तो नेहमीपेक्षा जास्त. खालच्या बाजूला भरपूर जागा होती, पण वरची कड हवी होती त्या जागेच्या आत आली होती. म्हणजे गिऱ्हाइकाचं सगळ्यांत वरचं चॅनल गरम असताना या फिल्टरमधून नीट जाणार नव्हतं. मला वाटलं, माझंच कॅलिब्रेशन चुकलं. परत केलं. दुसरा नग तापवला, मग तिसरा. तिघांचंही तेच आणि तेवढंच.

काकांना विचारावं म्हणून खाली आले, तर ते त्या दुपारी हात दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. मी ग्राफ घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी ग्राफ बघितले आणि चटकन म्हणाले, "स्क्रूमुळे असेल."

"स्क्रूमुळे?"

"जुने स्क्रू त्या खास मिश्रधातूचे होते, गरम झाले तरी फारसे वाढायचे नाहीत. ते मिळायला तीन महिने लागत होते. या वेळी पितळी घेतले."

त्यांना माहीत होतं. मी उभीच होते. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"गिऱ्हाईक हे एअर कंडिशन्ड खोलीत बसवणार आहे. सत्तर अंश येणार कुठून? तुम्हीच सांगा."

"पण सर, रिपोर्टमध्ये गरम ग्राफ द्यावे लागतात."

"आधीच्या लॉटचे आहेत ना? डिझाइन तेच आहे. नंबर बदला."

त्यांनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी न मागता त्यांनी मला पंधरा दिवसांची सुट्टी दिली होती. ते म्हणाले, "ही ऑर्डर गेली तर पूजेनंतर मी किती जणांना परत बोलवू शकेन, मला माहीत नाही. विचार करा आणि संध्याकाळपर्यंत द्या."

मी विचार केला नाही. माझ्या टेबलापाशी येऊन जुन्या लॉटचे तीन ग्राफ उघडले, त्यांवरचे नंबर आणि तारखा बदलल्या, छापून घेतले आणि सही केली. चहा यायच्या आत काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "गरम टेस्ट झाली?" मी म्हटलं, "झाली." ते "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या ऑर्डरला लागले.

मला अपराधी वाटत होतं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या पूजेत मी आईवडिलांबरोबर मांडव बघत हिंडले, नवीन कपडे घातले, एस्प्लनेडला जाऊन चपला घेतल्या. मला जेवण जात होतं आणि झोप लागत होती. माल गेला होता, कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार एप्रिलमध्ये आली. फिल्टर ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या टॉवरांवर, उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी कपाटांत बसवले होते. एअर कंडिशन्ड खोली कुठेच नव्हती. दुपारी बारानंतर वरचं चॅनल तुटायचं आणि ऊन उतरलं की आपोआप सुरू व्हायचं. गिऱ्हाइकाने सहा नग परत पाठवले आणि मागोमाग त्यांचे दोन इंजिनिअर आले.

आमच्या टेबलावर, पंख्याखाली, सहापैकी पाच नग ठणठणीत निघाले. सहाव्याचा एक लॉकनट सैल होता आणि त्याची रेषा वाकडी आली होती. प्रवासात हलला असेल, कदाचित आवळतानाच कमी आवळला गेला असेल. मालकांनी तो नट बोटाने फिरवून त्या दोघांना दाखवला.

"आमचा ट्यूनिंगचा माणूस जुना आहे," ते म्हणाले. "अलीकडे त्याचा हात कापतो. आम्हाला हे उशिरा कळलं."

म्हणजे त्यांच्याही ते नजरेत आलं होतं. मी काही न सांगताच.

त्या दोघांपैकी एकाने मला विचारलं, "हॉट टेस्ट तुम्ही केली होती?"

"हो."

"ठीक होती?"

"रिपोर्टमध्ये आहे तशी," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. ओव्हन दुरुस्तीला गेलाय, असं मालकांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांना संध्याकाळचं विमान होतं. त्यांना फॉर्मवर लिहायला एक कारण हवं होतं आणि बदली माल हवा होता. दोन्ही मिळालं. बदली माल जुन्या मिश्रधातूच्या स्क्रूंचा असणार, हे मालक मला नंतर हळूच म्हणाले, जणू त्याने मला बरं वाटेल.

काका हे सगळं पलीकडच्या खोलीतून ऐकत होते. पाहुणे गेल्यावर मी गच्चीवर गेले, तर ते मागोमाग जिना चढून आले. दम लागला होता.

"दिदिमणी, सगळे नग तूच मोजलेस. खरं सांग. माझ्या हातून बिघडलं का?"

मी कठड्याला टेकून उभी होते. खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं. त्या क्षणी मी एवढंच म्हणायचं होतं की नाही काका, स्क्रू बदललेत. मी म्हणाले, "एक लॉकनट सैल होता, काका."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते तोंडातून सहज निघालं.

त्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. हात कापत होता. "एक सैल म्हणजे बाकीचेही असतील," ते म्हणाले. "कळलं नाही मला."

चार दिवसांनी मालकांनी त्यांना पत्र दिलं. इंग्रजीत टाइप केलेलं. कामातल्या हलगर्जीपणामुळे माल सदोष निघाला, हे आपण मान्य करता आणि स्वखुशीने काम सोडता, असा मजकूर. काका तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"हे काय लिहिलंय ते मला बंगालीत सांग. सही करायची आहे."

मी वाचून दाखवलं. हलगर्जीपणा हा शब्द आला तिथे अडखळले आणि म्हटलं, "लक्ष कमी पडलं, असं लिहिलंय."

"खरंच आहे ते," ते म्हणाले. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं, माझं पेन घेतलं आणि सावकाश सही केली. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. मग पेन टोपण लावून परत दिलं. स्क्रू ड्रायव्हर फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून ते दुपारीच घरी गेले. निरोपसमारंभ वगैरे झाला नाही. सगळे आपापल्या कामात होते, मीही.

यानंतरचं सांगायला मला सगळ्यांत जड जातं. मी हळूहळू ते कारण खरं मानायला लागले. एकदम नाही. आधी वाटलं, दोन्ही असेल, थोडं स्क्रूमुळे, थोडं हातामुळे. मग वाटलं, हात कापत होता हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय. घरी जेवताना वडिलांना मी सांगितलं, "आमच्याकडचे ते काका गेले. हात कापायचा हो त्यांचा, काम बिघडायला लागलं होतं." वडील म्हणाले, "वय कुणाला चुकलंय." आणि तो विषय संपला.

डिसेंबरमध्ये मालकांना नवीन गिऱ्हाइकासाठी एक रिपोर्ट हवा होता. तापमान वाढतं तशी फिल्टरची बँडविड्थ कशी बदलते आणि कडा किती सरकतात, याचं पूर्ण विश्लेषण. मी आठवडाभर बसून गणित मांडलं. डबीचा धातू, आतले खांब, स्क्रूचा धातू, प्रत्येकाचं प्रसरण वेगळं. जुन्या मिश्रधातूच्या स्क्रूंसाठी उत्तर काढलं आणि मग, कुणी मागितलं नसताना, पितळी स्क्रूंसाठीही काढलं. परत आलेले सहा नग कपाटात पडून होते. मी ते वर नेले. सहाव्याचा लॉकनट सोडून, स्क्रू जागेवर आणून नीट आवळला आणि सहाही एकामागून एक तापवले.

सहाही फिल्टरांची वरची कड गणिताने सांगितली तिथेच येऊन पडली. सहावासुद्धा. यात हाताला कुठेच जागा नव्हती. एखाद्या फिल्टरचं ट्यूनिंग चुकलं असतं तर त्याची रेषा बाकीच्यांपेक्षा वेगळी आली असती. सहाही रेषा एकमेकींवर ठेवल्या तर वेगळ्या ओळखता येत नव्हत्या, इतकं ते काम नेमकं झालं होतं. कापऱ्या हाताने. ओव्हन बंद करून मी शेडमध्ये बराच वेळ बसून राहिले. हे मला गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून माहीत होतं. त्या दिवशी फक्त ते नाकारायची सोय संपली.

मी मालकांकडे गेले आणि ग्राफ टेबलावर ठेवले. त्यांनी सहाही चाळले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुम्हालाही माहीत होतं. सही तुमची आहे."

"मी गिऱ्हाइकाला कळवणार आहे."

"कळवा," ते म्हणाले. ते रागावले नव्हते, थकलेले दिसत होते. "त्यांना बदली माल मिळालाय. ते काय करणार?"

मी कळवलं. बदललेल्या नंबरांसकट सगळं लिहिलं. दहा दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. माहितीबद्दल आभार, ही तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मी राजीनामा दिला. मला वाटलं होतं, काहीतरी कोसळेल. काहीच झालं नाही.

घरी वडिलांना सगळं सांगितलं, सहीपासून. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "बँकेत मीही अशा सह्या केल्यात. एकाही सहीमागे कुणाचं काय झालं, ते मी कधी बघायला गेलो नाही." मग उठून गॅलरीत गेले. आईने मला विचारलं, "तू जाणार आहेस का त्यांच्याकडे?"

काका ठाकूरपुकुरला राहायचे, मेट्रो स्टेशनपासून आत दहा मिनिटं, तळ्याकाठच्या बैठ्या घरात. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी कुठून आले ते सांगितल्यावर तिने मला आत घेतलं, पण ती हसली नाही. काका पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. सात-आठ महिन्यांत माणूस ओळखू येईना. चेहरा ताठरलेला, आवाज अगदी खाली गेलेला. पार्किन्सन निघाला होता.

"पूर्वी गल्लीतले सगळे पंखे हेच दुरुस्त करायचे," त्यांची बायको म्हणाली. "आता घरातला दिवासुद्धा बदलत नाहीत. म्हणतात, माझा हात लागला की बिघडतं."

मी पिशवीतून ग्राफ काढून चादरीवर मांडले. सांगायचं म्हणून खूप जुळवून आणलं होतं, पण त्यांना माझ्या बोलण्याची गरज पडली नाही. ते वाकून रेषा बघायला लागले.

"वरची कड," ते म्हणाले.

"हो."

"गरम असताना."

"हो."

"सगळ्यांची सारखीच." मग म्हणाले, "स्क्रू."

"पितळी घेतले होते, काका. तुमच्या हाताने काही बिघडलं नाही. एकही नाही."

ते ग्राफकडेच बघत होते. "आटे मऊ लागत होते," ते म्हणाले. "फिरवताना वाटायचं, काहीतरी वेगळं आहे. मला वाटलं, माझ्या बोटांनाच आता कळेनासं झालंय."

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर त्यांना हलकं वाटेल. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते शोधत होते. तो चेहरा आता काही दाखवत नव्हता, की दाखवण्यासारखं काही नव्हतं, मला कळलं नाही.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला अजूनही जागा होती. डिसेंबरचं विश्लेषण होतंच.

"पूजेच्या आधी," मी म्हटलं. "माल जायच्या आधी."

त्यांनी एकेक ग्राफ ओढून घ्यायला सुरुवात केली. कागद एकावर एक नीट बसत नव्हते, कोपरे निसटत होते. मी मदतीला हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले.

मी हात मागे घेतला. त्यांनी कागद तसेच, वेडेवाकडे, माझ्याकडे सरकवले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या बायकोने माझ्यासाठी ठेवलेला चहा मी न पिताच आत नेला. मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली.

"तुम्ही परत येऊ नका," ती म्हणाली. "ते तुम्हाला काही बोलणार नाहीत. आणि मग मला बोलावं लागेल."

मी गेले नाही. पुढच्या पावसाळ्यात ते न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणावरच छातीत कफ भरला आणि गेले. त्यांच्या मुलीने मला मेसेज करून कळवलं. माझा नंबर तिने वडिलांच्या फोनमधून घेतला होता. तेराव्यानंतर तिने भेटायला बोलावलं, घरी नाही, सखेरबाजारच्या एका मिठाईच्या दुकानात. पंचविशीची असेल, शाळेत शिकवते. तिने वडिलांची फाइल आणली होती. डॉक्टरांच्या कागदांत ते इंग्रजी पत्रही होतं.

"हे असं राहायला नको," ती म्हणाली. "तुम्ही सगळं सांगून गेलात, ते बाबांनी मला सांगितलं होतं. कंपनीकडून लिहून आणून द्या की हे चुकीचं आहे. दोन ओळी चालतील."

मी मालकांना भेटले. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, काकांबद्दल ऐकून वाईट वाटलं म्हणाले आणि मला वाटतं, खरंच वाटलं असावं. पण पत्र द्यायला नाही म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या फाइलीत एक कारण आहे. मी दुसरं लिहून देऊ? गेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?"

मग मीच लिहिलं. साध्या कागदावर, इंग्रजीत आणि खाली बंगालीत. फिल्टर कशामुळे नापास झाले, ट्यूनिंगमध्ये दोष नव्हता, ग्राफ मी बदलले आणि पत्र वाचून दाखवतानाही मी खरं सांगितलं नाही. बंगाली मजकुरात माझ्या चुका झाल्या असतील म्हणून एका ओळखीच्या बाईंकडून तो तपासून घेतला. त्यांनी दोन शब्द दुरुस्त केले आणि कागद पालथा करून परत दिला.

त्याच दुकानात मी मुलीला तो कागद दिला. तिने दोन्ही भाषांतला मजकूर शांतपणे वाचला.

"यावर फक्त तुमचं नाव आहे," ती म्हणाली.

"कंपनी देणार नाही म्हणाली."

"मग हे मी कुणाला दाखवू?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी समोसे मागवत होतं, त्याला जागा करून द्यायला ती खुर्ची सरकवून बसली. कागदाची घडी घालून तिने तो फाइलीत ठेवला, इंग्रजी पत्राच्या मागे. मग म्हणाली की आईला बाजारातून औषध न्यायचंय, आणि ती उठली. मी पैसे द्यायला काउंटरपाशी गेले तोवर ती रस्ता ओलांडून पलीकडे पोचली होती.

आता मी एका कॉलेजात प्रयोगशाळा घेते. मुलांना फिल्टर मोजायला शिकवते, गरम करूनही मोजायला लावते. काकांच्या मुलीचा नंबर माझ्याकडे अजून आहे. तिने तो कागद आईला दाखवला का, हे मी तिला विचारलेलं नाही.